अंमल आणि व्यसन : अफूच्या अवलंबित्वाच्या वैद्यकीय नोंदीचा इतिहास

बीजसंज्ञा : अफू, ओपिऑइड, अंमल, अवलंबित्व, रोगवर्गीकरण, संकेतांक, केसपेपर

प्रस्तावना

इ. स. १८९३ या वर्षी दोन घटना घडल्या. शिकागो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र संस्थेच्या अधिवेशनात पॅरिसचे संख्याशास्त्रज्ञ जॅक बर्तियाँ यांनी तयार केलेली मृत्यूच्या कारणांची यादी स्वीकारण्यात आली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेच्या ठरावानुसार हिंदुस्थानातील अफूच्या प्रश्नाची चौकशी करण्यासाठी लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला. या दोन घटनांचा त्या वेळी परस्परांशी काहीही संबंध नव्हता. पहिलीतून पुढे ‘आजारांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण’, म्हणजेच आज ‘आयसीडी’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी व्यवस्था विकसित झाली. दुसरीतून अफू खाणारा माणूस सरकारी दप्तरात कोणत्या नावाने ओळखला जावा, या प्रश्नाची पहिली मोठी चर्चा घडून आली. विसाव्या शतकात हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळले आणि अफू खाणारा माणूस रोगांच्या यादीतील एक संकेतांक झाला.

अफू, मॉर्फिन, हेरॉइन आणि त्यांच्यासारखा परिणाम करणारी कृत्रिम औषधे यांना एकत्रितपणे ‘ओपिऑइड’ म्हटले जाते. या द्रव्यांच्या संदर्भात वैद्यकाला दोन भिन्न अवस्थांची नोंद करावी लागते. पहिली अवस्था अंमलाची होय. द्रव्य शरीरात गेल्यावर काही तास गुंगी येते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि श्वास मंदावतो. दुसरी अवस्था अवलंबित्वाची होय. ती महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे टिकते आणि द्रव्य शरीरात नसतानाच अधिक तीव्रतेने जाणवते. पहिली घटना आहे, तर दुसरी स्थिती आहे. या दोहोंची नोंद स्वतंत्र करावी की एकत्र, हा प्रश्न वरकरणी कारकुनी स्वरूपाचा वाटतो. परंतु नोंदवही कोणी ठेवली आणि कोणासाठी ठेवली यावर त्याचे उत्तर प्रत्येक काळात बदलत गेले आणि त्या उत्तरानुसार त्याच माणसाला कधी ग्राहक, कधी गुन्हेगार, तर कधी रुग्ण ठरविण्यात आले. या बदलाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भाषेने जपलेला भेद

वर्गीकरणाच्या शास्त्राला ज्या भेदापर्यंत पोहोचण्यास दीर्घ काळ लागला, तो मराठी भाषेत पूर्वीपासून रूढ आहे. मराठीत अंमल ‘चढतो’ आणि ‘उतरतो’, तलफ ‘येते’, तर व्यसन ‘जडते’. येथे क्रियापदेच कालावधी सांगतात. चढणारी गोष्ट उतरणारच असते, पण जडलेली गोष्ट आपोआप सुटत नाही. ‘अंमल’ हा अरबीतून आलेला शब्द मराठीत राज्यसत्तेसाठीही वापरला जातो. पेशव्यांचा अंमल असतो, तसा अफूचाही अंमल असतो. ‘व्यसन’ या संस्कृत शब्दाचा एक मूळ अर्थ संकट असा आहे. म्हणजे पहिला शब्द तात्पुरत्या सत्तेचा निर्देश करतो आणि दुसरा दीर्घकाळच्या आपत्तीचा. ‘तलफ’ या शब्दात तर आयसीडीच्या दहाव्या आवृत्तीतील अवलंबित्वाचा पहिला निकष, म्हणजे द्रव्य घेण्याची अनावर इच्छा, जसाच्या तसा सामावलेला आहे.

‘अमली पदार्थ’ या आजच्या कायदेशीर संज्ञेत मात्र अंमल तेवढा शिल्लक राहिला आहे. ही संज्ञा पदार्थाची ओळख त्याच्या तात्कालिक परिणामावरून करून देते. त्यामुळे अशा पदार्थाशी संबंध आलेला प्रत्येक माणूस अंमलाखालीच असतो, असा समज दृढ होण्यास वाव मिळतो. हा समज वस्तुस्थितीला धरून नाही, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

शेर, पेटी आणि परवाना : महसुली नोंद

एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानात अफूविषयीची सर्वांत तपशीलवार नोंद वैद्यांनी नव्हे, तर महसूल खात्याने ठेवली. बंगाल प्रांतातील खसखशीची लागवड १८५७ च्या कायद्याने सरकारी एजन्सीच्या नियंत्रणाखाली होती. माळव्यात संस्थानी मुलखात पिकणारी अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात असे आणि तिच्यावर सरकार पेटीमागे कर घेत असे. देशांतर्गत किरकोळ विक्री १८७८ च्या अफू कायद्यानुसार परवानाधारक दुकानांतून चाले. या सर्व दप्तरांत मोजमापाची एकके शेर, पेटी आणि रुपया ही होती. अफू खाणारी व्यक्ती त्यांत फक्त खपाच्या रूपाने दिसते.

शाही आयोगाने १८९३–९५ या काळात हिंदुस्थानात ठिकठिकाणी सातशेहून अधिक साक्षी नोंदविल्या. दरभंग्याचे महाराज लक्ष्मेश्वर सिंह आणि जुनागढचे दिवाण हरिदास विहारीदास देसाई हे दोन हिंदी सभासद आयोगावर होते. १८९५ च्या अहवालात बहुसंख्य सभासदांनी असा निर्वाळा दिला, की हिंदुस्थानात अफूचे सेवन प्रामुख्याने माफक प्रमाणात होते आणि औषधी उपयोगावाचून तिच्यावर बंदी घालण्याचे कारण नाही. हेन्री विल्सन यांनी याविरुद्ध भिन्नमतपत्रिका जोडली. आयोगाचा निष्कर्ष सरकारच्या अफू-महसुलाला सोयीचा होता, ही गोष्ट समकालीन टीकाकारांनी लगेच निदर्शनास आणली आणि इतिहासकारांनीही ती पुढे अधोरेखित केली.

तथापि आयोगासमोर आलेल्या साक्षींत वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचे एक निरीक्षण होते. नेहमीच्या मात्रेने अफू खाणारा माणूस मद्यप्याप्रमाणे झिंगलेला दिसत नाही. मात्रा घेतल्यावर तो आपली कामे नीट करतो आणि मात्रा चुकली, की आजारी पडतो. शरीराला मात्रा अंगवळणी पडते, हे त्याचे कारण होय. आजच्या भाषेत सांगायचे तर येथे अवलंबित्व आहे, पण अंमल नाही. आयोगाने या निरीक्षणाचा उपयोग ‘माफक सेवन निरुपद्रवी असते’ हे दाखविण्यासाठी केला. अंमल दिसत नाही म्हणून व्यसनही नाही, असा हा तर्क होता. दोन अवस्थांतील भेद न केल्यामुळे एक अचूक निरीक्षण चुकीच्या निष्कर्षाच्या कामी आले.

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने या प्रश्नात लक्ष घातले. दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला सहा शेर अफू ही वैद्यकीय गरजेची मर्यादा मानली गेली आणि तिच्या कितीतरी पट खप असलेले जिल्हे चौकशीसाठी वेगळे काढले गेले. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकशाळेत रामनाथ चोप्रा यांनी याच काळात अफूच्या सवयीचा वैद्यकीय अभ्यास केला. आसामात काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीने १९२५ मध्ये अफूविरोधी अहवाल प्रसिद्ध केला आणि तेथे अफू खाणाऱ्यांची नावनिशीवार नोंदणी करून त्यांना परवान्यावर ठराविक मात्रा देण्याची पद्धत रूढ झाली. नोंदीचे एकक आता जिल्ह्यावरून व्यक्तीवर आले. मात्र ती नोंद अबकारी खात्याची होती. तिच्यात नाव आणि मात्रा होती, पण आजाराचे वर्णन नव्हते.

बाळागोळी : व्यसनावाचून अंमल

अंमल आणि अवलंबित्व यांतील फरक मुंबईच्या कामगारवस्तीतील एका प्रथेवरून विशेष स्पष्ट होतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिरण्यांत काम करणाऱ्या अनेक स्त्रिया कामावर जाताना तान्ह्या मुलाला अफूची लहान गोळी देत. ही ‘बाळागोळी’ दुकानात सहज मिळत असे. मूल दिवसभर झोपून राही आणि आईची पाळी पार पडे. १९२० च्या दशकातील मुंबईच्या कामगारजीवनाविषयीच्या लेखनात या प्रथेचा उल्लेख वारंवार येतो. पाळणाघरांची मागणी आणि बाळागोळीवरील टीका या दोन्ही गोष्टी त्या काळात जोडीने चालल्या.

या तान्ह्या मुलांना कोणत्याही अर्थाने ‘अफूबाज’ म्हणता येत नाही. तथापि गोळीची मात्रा किंचित जास्त झाली, तर त्यांचा श्वास मंदावून जीव जाण्याचा धोका असे. उलट वर्षानुवर्षे नियमित अफू खाणाऱ्या वृद्धाला तेवढ्याच अफूने काहीही झाले नसते. एका बाजूस व्यसनावाचून प्राणघातक अंमल आहे, तर दुसऱ्या बाजूस अंमलावाचून पक्के व्यसन आहे. महसुली दप्तरात मात्र दोन्ही ठिकाणी विकल्या गेलेल्या अफूचे वजन तेवढे नोंदले गेले. रोगवर्गीकरणाच्या शास्त्राला जी उणीव पुढे भरून काढावी लागली, तिचे मूळ येथे दिसून येते.

मृत्यूच्या यादीकडून रोगांच्या यादीकडे

बर्तियाँ यांची यादी मृत्यूच्या कारणांची होती. अशा यादीत अफूला विष म्हणूनच स्थान मिळू शकत होते. आकस्मिक वा आत्मघाती विषप्रयोग एका गटात आणि जीर्ण विषबाधा दुसऱ्या गटात, अशी विभागणी तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत आढळते. व्यसनाने ग्रासलेला, पण जिवंत असलेला माणूस या यादीच्या कक्षेबाहेर होता.

१९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती स्वीकारली, तेव्हा मृत्यूबरोबर आजारांचाही समावेश झाला आणि मानसिक विकारांना प्रथमच स्वतंत्र प्रकरण मिळाले. मद्यासक्तीला ३२२ आणि इतर मादक द्रव्यांच्या व्यसनाला ३२३ हा क्रमांक देण्यात आला. हे क्रमांक ज्या गटात पडले, तो गट स्वभाव, वर्तन आणि बुद्धी यांच्या विकारांचा होता. १९५२ च्या अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या पहिल्या निदानपुस्तिकेतही व्यसन हे समाजविघातक व्यक्तिमत्त्वाच्या विकारांत गणले गेले. व्यसनी माणूस आता दवाखान्याच्या दप्तरात आला खरा, परंतु स्वभावदोषाचा शिक्का घेऊनच आला.

१९५७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने ‘व्यसन’ आणि ‘सवय’ यांच्यात भेद करण्याचा प्रयत्न केला. तो व्यवहारात टिकला नाही. १९६४ मध्ये समितीने या दोन्ही संज्ञा बाजूस ठेवून ‘अवलंबित्व’ ही एकच संज्ञा सुचविली आणि द्रव्यानुसार तिचे प्रकार करावेत, असे म्हटले. त्यानुसार १९६५ मध्ये तयार झालेल्या आठव्या आवृत्तीत ३०४ हा क्रमांक मादक द्रव्यांवरील अवलंबित्वाला मिळाला. १९७५ च्या नवव्या आवृत्तीत मॉर्फिनसदृश द्रव्यांवरील अवलंबित्व ३०४.० येथे, अवलंबित्वावाचून होणारा गैरवापर ३०५.५ येथे आणि विषबाधा ९६५.० येथे, अशी तीन स्थाने निश्चित झाली. १९७६ मध्ये ग्रिफिथ एडवर्ड्स आणि मिल्टन ग्रॉस यांनी मद्यावरील अवलंबित्वाचा ‘लक्षणसमूह’ मांडला. अवलंबित्व आहे किंवा नाही असा दुहेरी प्रश्न न विचारता त्याची तीव्रता कमीअधिक असू शकते, हा त्यांचा विचार पुढे इतर द्रव्यांनाही लागू झाला.

दहाव्या आवृत्तीतील दोन घरे

१९९० मध्ये संमत झालेली आणि १९९४ पासून वापरात आलेली दहावी आवृत्ती या दृष्टीने महत्त्वाची आहे. तिच्यात ‘एफ ११’ हा गट ओपिऑइडमुळे उद्भवणाऱ्या मानसिक व वर्तनविषयक विकारांचा आहे. दशांशचिन्हानंतरचा अंक अवस्था सांगतो. शून्य म्हणजे तीव्र अंमल, एक म्हणजे अपायकारक सेवन, दोन म्हणजे अवलंबित्वाचा लक्षणसमूह आणि तीन म्हणजे द्रव्य बंद केल्यावर होणारा त्रास. अवलंबित्वाचे सहा निकष देण्यात आले. अनावर इच्छा, सेवनावरील ताबा सुटणे, द्रव्य थांबताच शारीरिक त्रास होणे, मात्रा वाढवावी लागणे, इतर गोष्टींतील रस संपणे आणि हानी कळूनही सेवन चालू राहणे हे ते निकष होत. मागील वर्षभरात यांपैकी किमान तीन एकत्र आढळले, तरच हे निदान करता येते.

अंमल आणि अवलंबित्व यांना अशा रीतीने दोन स्वतंत्र घरे मिळाली. परंतु त्यातून एक व्यावहारिक अडचण निर्माण झाली. दीर्घकाळ अवलंबित्व असलेला रुग्ण अंमलाखाली असताना रुग्णालयात आला, तर नोंद कोणती करावी? दहाव्या आवृत्तीच्या मार्गदर्शनानुसार अधिक टिकाऊ समस्या असेल, तर प्राधान्य अवलंबित्वाच्या निदानाला द्यावे आणि केवळ अंमल हे मुख्य निदान अशी समस्या नसेल तेव्हाच लिहावे. हा नियम तर्कशुद्ध आहे. मात्र त्यामुळे मुख्य निदानांच्या आकडेवारीतून अंमलाची घटना नाहीशी होते. रुग्ण त्या रात्री कोणत्या स्थितीत आला होता, हे केसपेपरवरील मजकुरावरूनच कळते.

अमेरिकेने या अडचणीवर वेगळा तोडगा काढला. तेथे दहाव्या आवृत्तीचे स्थानिक रूपांतर १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाले. त्यात दोन्ही अवस्था एकाच संकेतांकात जोडण्यात आल्या. ‘एफ ११.२२’ म्हणजे अंमलासह ओपिऑइड-अवलंबित्व. त्यापुढे सहावे चिन्ह अनिवार्य आहे. गुंतागुंत नसल्यास ०, भ्रांतावस्था असल्यास १, संवेदनांत विकृती असल्यास २ आणि तपशील नसल्यास ९. सेवन, गैरवापर आणि अवलंबित्व या तिन्हींचा उल्लेख असेल, तर एकाच द्रव्यासाठी फक्त अवलंबित्वाचा संकेतांक द्यावा, असा तेथील नियम आहे. अतिमात्रेमुळे झालेली विषबाधा ‘टी ४०’ या वेगळ्या गटात नोंदली जाते आणि तिच्यासोबत ती अपघाताने झाली की हेतुतः, हेही लिहावे लागते. फेंटॅनिलमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वाढल्यावर ऑक्टोबर २०२० पासून त्या एका द्रव्यासाठी स्वतंत्र संकेतांक निर्माण करण्यात आला.

या व्यवस्थेत संकेतांक देणारी व्यक्ती वैद्य नसते. भारतातील अनेक शहरांत अमेरिकी रुग्णालयांच्या नोंदींचे सांकेतीकरण हा आता सुस्थिर व्यवसाय झाला आहे आणि मराठी तरुण-तरुणीही त्यात मोठ्या संख्येने काम करतात. या कामाचा मूलभूत नियम असा, की वैद्याने जे निदान लिहिले असेल, त्यालाच संकेतांक द्यावा. तपासणीत बाहुल्या आकुंचित दिसल्या किंवा लघवीत ओपिऑइड आढळले, एवढ्यावरून ‘अंमल’ गृहीत धरता येत नाही. मजकूर अपुरा असल्यास वैद्याकडे विचारणा करावी लागते. म्हणजे सर्वाधिक यांत्रिक वाटणारी ही प्रक्रियाही अखेर वैद्याच्या एका वाक्यावर अवलंबून असते.

एक संकेतांक, दोन अर्थ

येथे एका विसंगतीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ‘एफ ११.२२’ हीच अंकमालिका जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या आवृत्तीच्या चिकित्सालयीन पुस्तिकेतही आहे. तेथे तिचा अर्थ ‘अवलंबित्व असलेला, पण सध्या वैद्यकीय देखरेखीखाली पर्यायी औषधावर असलेला रुग्ण’ असा होतो. पुस्तिकेने याला ‘नियंत्रित अवलंबित्व’ असे म्हटले आहे. मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिन नियमित घेऊन ज्याचे आयुष्य पूर्वपदावर आले आहे, अशा माणसाची ही नोंद आहे. अमेरिकी रूपांतरात मात्र तीच मालिका अंमलाखाली असलेल्या माणसाची नोंद ठरते.

शेजारच्या संकेतांकाचीही हीच स्थिती आहे. ‘एफ ११.२०’ म्हणजे जागतिक पुस्तिकेत ‘सध्या सेवनापासून दूर’, तर अमेरिकेत ‘गुंतागुंत नसलेले अवलंबित्व’. एका ठिकाणी उपचारांत यश मिळविलेला रुग्ण दुसऱ्या ठिकाणी त्याच अंकांनी सक्रिय व्यसनी ठरू शकतो. जागतिक पुस्तिकेनुसार लिहिलेला केसपेपर अमेरिकी संकेतांकांच्या सवयीने वाचला गेला, तर स्थिरावलेल्या रुग्णाच्या नावापुढे ‘अंमलाखाली’ असा अर्थ लागण्याची शक्यता निर्माण होते.

ही विसंगती योगायोगाने उद्भवलेली दिसत असली, तरी ती दोन भिन्न प्रश्नांतून आलेली आहे. जागतिक पुस्तिकेने ‘हा रुग्ण आपल्या आजाराच्या वाटचालीत कोठे आहे?’ असे विचारले. अमेरिकी रूपांतराने ‘या वेळी रुग्णालयाला कशावर उपचार करावे लागले?’ असे विचारले, कारण तेथे संकेतांकाचा संबंध विम्याच्या देयकाशी असतो. पहिल्या नोंदीचे एकक माणूस आहे, तर दुसऱ्या नोंदीचे एकक रुग्णालयातील एक भेट आहे. महसूल खात्याने शेर मोजले, राष्ट्रसंघाने जिल्हे मोजले, विमाव्यवस्थेने भेटी मोजल्या. नोंदीचा आकार प्रत्येक वेळी मोजणाऱ्याच्या गरजेने ठरला.

२०१९ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीने ओपिऑइडजन्य विकारांना ‘६सी४३’ हा क्रमांक दिला. तिच्यात अवलंबित्व आणि अंमल यांची घरे पुन्हा वेगळी आहेत, मात्र आवश्यक असेल तेव्हा दोन्ही संकेतांक एकमेकांना जोडून लिहिता येतात. दोन अवस्था वेगळ्या आहेत आणि त्या एकाच वेळी असू शकतात, ही दोन्ही सत्ये या पद्धतीत एकत्र सांभाळली जातात.

भारतीय कायदा आणि केसपेपर

स्वतंत्र भारतात १९४९ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय अफू परिषदेने दहा वर्षांत औषधेतर अफूसेवन बंद करण्याचे धोरण ठरविले. त्यानुसार १९५९ पासून केवळ वैद्यकीय कारणास्तव नोंदलेल्या व्यक्तींनाच अफू मिळू लागली. परवान्याचे स्वरूप बदलले आणि अबकारी नोंदीत प्रथमच वैद्याचा अभिप्राय निर्णायक ठरला. १९८० च्या दशकात हेरॉइनचे अशुद्ध रूप, म्हणजे ‘गर्द’, मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोहोचले. अनिल अवचट यांच्या ‘गर्द’ या लेखनाने मराठी वाचकांना या व्यसनाची ओळख करून दिली आणि १९८६ मध्ये अवचट दाम्पत्याने पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. या केंद्राची सुरुवात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात व्हावी, ही गोष्ट व्यसनाकडे आजार म्हणून पाहण्याची दृष्टी महाराष्ट्रात कशी रुजली याची द्योतक आहे.

याच सुमारास, १९८५ मध्ये, गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा कायदा अस्तित्वात आला. या कायद्याने सेवन हा गुन्हा ठरविला. मूळ व्याख्येत ‘व्यसनी’ म्हणजे अशा द्रव्याचे व्यसन असलेली व्यक्ती, असे वर्तुळाकार शब्द होते. २००१ च्या दुरुस्तीने त्या जागी ‘अवलंबित्व असलेली व्यक्ती’ असे शब्द आले. ही वैद्यकशास्त्रातून घेतलेली संज्ञा होती. याच कायद्याच्या कलम ६४-अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने सरकारमान्य रुग्णालयात स्वेच्छेने उपचार घेतल्यास तिच्यावर खटला चालविला जात नाही.

या तरतुदीचा नोंदीच्या दृष्टीने अर्थ गंभीर आहे. संरक्षण ‘व्यसनी’ व्यक्तीला आहे आणि व्यसनी म्हणजे अवलंबित्व असलेली व्यक्ती. ज्याच्या केसपेपरवर फक्त ‘अफूच्या अंमलाखाली’ असे लिहिले आहे, त्याच्या बाबतीत सेवनाचा पुरावा आहे, पण अवलंबित्वाचा नाही. म्हणजे अर्धवट नोंद रुग्णाला शिक्षेच्या दिशेने ढकलते आणि पूर्ण नोंद त्याला उपचारांच्या दिशेने नेऊ शकते. आकस्मिक विभागातील वैद्याने घाईत लिहिलेल्या दोन शब्दांना न्यायालयात असे वजन प्राप्त होते.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने या बाबतीत आणखी एक पाऊल टाकले. मद्य व मादक द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा त्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश केला. निदान राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांनुसार, आयसीडीच्या अद्ययावत आवृत्तीसह, व्हावे, असे बंधन घातले. पूर्वी घेतलेले उपचार एवढ्याच कारणावरून कोणालाही आज वा उद्या मानसिक रुग्ण ठरविता येणार नाही, असेही त्यात नमूद आहे. बर्तियाँ यांच्या यादीतून निघालेला प्रवाह आणि अफूच्या कायद्यांचा प्रवाह भारतीय संविधीत येथे प्रत्यक्ष एकत्र आले.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा, की अंमल आणि अवलंबित्व यांतील भेद वैद्यकाला एकदम उमगला नाही. तो निरीक्षणात होता, भाषेत होता, पण नोंदवहीत त्याला जागा नव्हती. शाही आयोगाने अंमल दिसत नाही म्हणून व्यसन नाकारले. नंतरच्या काळातील कायद्याने उलट व्यसन पाहण्याऐवजी सेवनावर बोट ठेवले. दोन्ही ठिकाणी एका अवस्थेवरून दुसरीचा निष्कर्ष काढण्यात आला.

दुसरा निष्कर्ष संकेतांकाच्या मर्यादेविषयीचा आहे. संकेतांकावाचून लोकसंख्येच्या पातळीवर काहीही मोजता येत नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक ओपिऑइडचे सेवन करतात आणि त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे. अपायकारक सेवन आणि अवलंबित्व यांचे निश्चित निकष नसते, तर या दोन आकड्यांमधील फरकच सांगता आला नसता. सेवन करणारा प्रत्येक जण रुग्ण नसतो, हे या फरकातून सिद्ध होते.

तथापि ‘एफ ११.२२’ या अंकमालिकेचे दोन अर्थ असेही दाखवून देतात, की संकेतांक आपला अर्थ स्वतःबरोबर घेऊन प्रवास करीत नाही. तो ज्या आवृत्तीत लिहिला गेला, तिचा उल्लेख आणि त्यामागचे वैद्याचे वाक्य सोबत नसेल, तर उपचारांत स्थिरावलेला माणूस कागदावर अंमलाखाली जातो. म्हणून कोणते द्रव्य घेतले, रुग्ण अंमलाखाली होता काय आणि कोणत्या खुणांवरून ते कळले, अवलंबित्वाचे कोणते निकष आढळले आणि सध्या कोणते उपचार चालू आहेत, या चार गोष्टी केसपेपरवर शब्दांत लिहिल्या जाणे हे रुग्णाच्या हक्काचे साधन ठरते. वैद्यक, विधी, समाजकार्य आणि इतिहास या शाखांच्या अध्यापनात अशा नोंदींचे वाचन एक स्वतंत्र कौशल्य म्हणून शिकविले जाणे उचित ठरेल. चढलेला अंमल काही तासांत उतरतो. दप्तरात चढलेली नोंद मात्र तितक्या सहजतेने उतरत नाही, याचे भान लिहिणाऱ्याइतकेच वाचणाऱ्यानेही ठेवणे अगत्याचे आहे.